गाडीने उडवलं, हाड मोडलं: नुकसानभरपाई कोण देतं, किती मिळते आणि कुठे अडकते?

अपघात झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत रस्त्यावर साधारण दोन वाक्यं ऐकू येतात. एक, ‘अरे, गाडीचा नंबर घ्या!’ आणि दुसरं, ‘पोलिसांत कशाला जाताय, इथेच मिटवू की.’ जखमी माणसाच्या हातात पुढे काय पडणार, हे बऱ्याचदा यातलं कोणतं वाक्य ऐकलं गेलं यावर ठरतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यात १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांचा आकडा बातमीत येतो. जखमींचा आकडा मात्र वाचून सोडून दिला जातो. खरं तर पाय गमावलेला रिक्षाचालक, सहा महिने अंथरुणाला खिळलेली शिक्षिका किंवा मेंदूला मार लागलेलं शाळकरी मूल यांच्या घरचा हिशोब त्या दिवसापासून बदललेला असतो. त्यांच्यासाठी कायद्यात तरतुदी आहेत आणि त्या कागदावर बऱ्यापैकी चांगल्याही आहेत. अडचण अशी की, त्या माहीत होईपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो.

धोका नेमका कुठे आहे?

रस्त्यावरचे खड्डे, चुकीचे वळण, बंद पडलेले सिग्नल ही कारणं खरी आहेतच. पण २०२२ च्या अहवालात अपघाती मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदवलेले आहेत. वेगाचं गणित फसवं असतं. ताशी ८० वरून १०० वर गेलं की वेग २५ टक्क्यांनी वाढतो, पण धडकेची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मोकळा आणि गुळगुळीत एक्स्प्रेस-वे म्हणूनच गावातल्या खराब रस्त्यापेक्षा जास्त जीवघेणा ठरू शकतो.

दुसरा धोका मागच्या सीटवरचा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या कारला अपघात झाला. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. मागे बसलेल्या दोघांनी सीट बेल्ट लावले नव्हते आणि त्या दोघांचाच मृत्यू झाला. मागच्या सीटवर बेल्ट लावणं तेव्हाही बंधनकारक होतं, पण ‘पुढच्यांनी लावला की झालं’ ही समजूत घट्ट होती, आजही आहे. त्या एका वर्षात बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यातले जवळपास निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. एअरबॅग ही बेल्टला पर्याय नाही. बेल्टने शरीर जागेवर धरून ठेवलं तरच ती नीट काम करते.

तिसरा धोका हायवेवर रात्री बिनदिव्यांचे उभे असलेले ट्रक. याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण भरपाईच्या खटल्यांत हा प्रकार वारंवार येतो. मागून धडकलेल्या कारचालकाचीच चूक, असं विमा कंपनी लगेच म्हणते. ट्रकचे पार्किंग लाइट लागलेले होते का, रिफ्लेक्टर होते का, तो रस्त्याच्या किती आत उभा होता, हे सगळं पंचनाम्यात आलं नसेल तर तिचं म्हणणं खोडून काढणं कठीण जातं.

पहिले काही दिवस: उपचार आणि कागद

अपघातानंतरचा पहिला तास, ज्याला कायद्यातही ‘गोल्डन अवर’ म्हटलं आहे, तो पैशांची जुळवाजुळव करण्यात जाऊ नये म्हणून केंद्राने मे २०२५ मध्ये कॅशलेस उपचार योजना लागू केली. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार यात मिळतात. चूक कोणाची होती, हा प्रश्न इथे येत नाही.

जखमीला उचलून नेणाऱ्यालाही संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि त्याला स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. व्हिडिओ काढणाऱ्यांच्या गर्दीत ही एक ओळ माहीत असलेला एक माणूस असला तरी फरक पडतो.

कागदांमध्ये सगळ्यात आधी येते ती रुग्णालयातली एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल नोंद. अनेकदा घरचे लोक पोलिसांची कटकट नको म्हणून डॉक्टरांना ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ किंवा ‘गाडीवरून स्वतःच पडले’ असं सांगतात. तीन महिन्यांनी भरपाईचा विचार येतो तेव्हा विमा कंपनीचा वकील हेच पहिलं केसपेपर कोर्टात दाखवतो. पुढे खर्चाची कितीही बिलं लावली तरी या एका ओळीचं उत्तर देता देता नाकी नऊ येतात.

त्यानंतर एफआयआर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतल्या कलम २८१ आणि १२५ खाली अशी नोंद होते, मृत्यू झाला असेल तर कलम १०६ लागतं. एफआयआरला थोडा उशीर झाला म्हणून दावा आपोआप बाद होत नाही. माणूस आयसीयूत असताना नातेवाईक पोलीस ठाण्यात धावणार नाहीत, हे न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केलं आहे. मात्र उशिराचं कारण पटण्यासारखं हवं.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनी पोलिसांवर बरीच जबाबदारी टाकली आहे. अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायची, दहा दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म द्यायचा, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल सादर करायचा. हा सविस्तर अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोहर मोहम्मद प्रकरणात या वेळापत्रकाची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. त्यामुळे तपास अधिकाऱ्याकडे ‘अपघात अहवाल कुठवर आला?’ असं विचारणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. लेखी विचारावं आणि पोच घ्यावी.

पैसे कोण देतं?

भारतात प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. ‘थर्ड पार्टी’ म्हणजे त्या गाडीने ज्याला इजा केली तो. भरपाई साधारणपणे धडक देणाऱ्या गाडीची विमा कंपनी देते, चालकाच्या खिशातून ती येत नाही. ‘गरीब ड्रायव्हर आहे, त्याच्याकडून काय घ्यायचं’ म्हणून दावा सोडून देणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. गाडी एसटीची असेल तर दावा थेट महामंडळावर होतो.

चालकाकडे वैध लायसन्स नसेल तर विमा कंपनी हात वर करते. अशा वेळी न्यायालयं बहुतेकदा ‘आधी भरा, मग वसूल करा’ असा आदेश देतात. कंपनीने जखमीला पैसे द्यायचे आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करायचे. विमाच नसेल, तर मात्र मालक आणि चालकाच्या मागे लागावं लागतं आणि तो रस्ता लांबचा आहे.

इथे एक गोष्ट जवळपास कोणालाच माहीत नसते. मित्राच्या कारमध्ये बसला आहात किंवा बाइकवर मागे बसला आहात आणि मित्राच्याच चुकीने अपघात झाला. तुम्हाला त्याच्या विम्यातून पैसे मिळतील का? त्याची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर बहुधा नाही, कारण सुप्रीम कोर्टाच्या निकालांनुसार खासगी वाहनात फुकट बसलेला प्रवासी या किमान विम्यात धरला जात नाही. पॉलिसी पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर तो धरला जातो. हप्त्यात काही हजार वाचवताना नेमकं आपल्याच माणसांचं संरक्षण काढून टाकलं जातं. अपघातात समोरच्या गाडीचीही चूक असेल, तर तिच्या विमा कंपनीवर दावा करता येतोच.

आणि स्वतः गाडी चालवताना पूर्णपणे स्वतःच्याच चुकीने अपघात झाला तर? थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात विमा कवच असतं, ते तपासावं. ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं, हाड मोडल्याच्या बिलासाठी नाही.

रक्कम कशी ठरते?

कायद्यात दोन वाटा आहेत. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळते: मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. हाड मोडणं किंवा दात तुटणं हेही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतीत येतं. दुसरी वाट कलम १६६ ची. इथे समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला वरची मर्यादा नाही. पहिली रक्कम स्वीकारली की दुसरा दावा संपुष्टात येऊ शकतो. साधं फ्रॅक्चर असेल आणि ते नीट जुळलं असेल तर अडीच लाख झटपट घेणं शहाणपणाचं असू शकतं. कायमचं अपंगत्व आलं असेल तर तो तोट्याचा सौदा आहे.

कलम १६६ खाली निष्काळजीपणा सिद्ध करायचा म्हणजे फौजदारी खटल्यासारखा ‘संशयापलीकडे’ नव्हे. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच पाहिलं जातं. चालक फौजदारी खटल्यात सुटला तरी भरपाई मिळू शकते. जखमीचीही काही चूक असेल तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कापली जाते. मात्र नियम मोडला म्हणजे आपोआप कपात, असं नाही. बाइकवर तिघं बसले होते म्हणून केलेली कपात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये रद्द केली. तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागेल, असं कोर्ट म्हणालं.

आता मुख्य हिशोब. उपचारांचा खर्च, औषधं, प्रवास, विशेष आहार, काळजी घेणाऱ्याचा खर्च, बुडालेली मिळकत, वेदनांसाठीची रक्कम हे सगळं त्यात येतं. पण सर्वांत मोठा आकडा असतो तो भविष्यातल्या मिळकतीच्या नुकसानीचा, आणि तिथेच सर्वाधिक वाद होतो.

डॉक्टर प्रमाणपत्रात लिहितात ते शारीरिक अपंगत्व. न्यायाधिकरणाने पाहायचं असतं ते कमावण्याच्या क्षमतेवर झालेला परिणाम. हा फरक सुप्रीम कोर्टाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात समजावून सांगितला. डावा हात गमावलेला कारकून कदाचित कारकून म्हणून काम करत राहू शकेल, पण ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास पूर्ण थांबते. जखम एकच, नुकसान वेगळं. २०२० मध्ये पप्पू देव यादव या डेटा एंट्री ऑपरेटरच्या प्रकरणात त्याने उजवा हात गमावला होता, प्रमाणपत्रावर ८९ टक्के अपंगत्व होतं, पण खालच्या न्यायालयांनी कमाईचं नुकसान ४५ टक्केच धरलं. सुप्रीम कोर्टाने ते ६५ टक्के केलं. टायपिंग करून पोट भरणाऱ्या माणसाचा हात गेला, तरी ही लढाई तीन पायऱ्या चढून लढावी लागली, हेही विसरता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. ३२ वर्षांचा प्लंबर, महिन्याला २०,००० रुपये कमावणारा, गुडघा कायमचा अधू. स्वतःचा व्यवसाय आणि वय ४० च्या आत, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे महिना २८,००० आणि वर्षाला ३,३६,०००. कमाईचं नुकसान ३० टक्के धरलं तर वर्षाला १,००,८००. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६ आहे. गुणाकार केला की १६,१२,८०० रुपये. उपचार आणि वेदनांची रक्कम याव्यतिरिक्त. हाच प्लंबर उत्पन्नाचा एकही कागद दाखवू शकला नाही आणि कोर्टाने महिना १०,००० धरले, तर आकडा थेट निम्मा होतो. म्हणून यूपीआयच्या जमा रकमा, बँक पासबुक, ठेकेदाराचं पत्र, साहित्याची बिलं, जे असेल ते जपून ठेवावं.

गृहिणी ‘काही कमवत नाही’ म्हणून तिचं नुकसान शून्य, हा युक्तिवाद आता चालत नाही. घरकामाचं मूल्य धरून तिचं उत्पन्न मोजावं लागतं आणि जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्यात भविष्यातली वाढही धरायला सांगितली. लहान मुलांच्या बाबतीत काजल प्रकरण महत्त्वाचं. १२ वर्षांच्या या मुलीच्या मेंदूला २००७ च्या अपघातात मार लागला आणि ती आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहिली. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तिच्यासाठी दोन मदतनीस, प्रत्येकी महिना ५,००० आणि गुणक १८ धरून केवळ सेवेचा खर्च २१ लाख ६० हजार मंजूर केला. घरातली आई किंवा बहीण ही सेवा करत असली तरी ती मोफत समजायची नसते.

मेडिक्लेमने बिल भरलं असेल तर? विमा कंपन्या ती रक्कम भरपाईतून कापायला सांगत. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये हे अमान्य केलं. मेडिक्लेमचे हप्ते जखमीने स्वतः भरलेले असतात, त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का मिळावा, असा त्यामागचा विचार. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या दावेदारांसाठी हा निकाल थेट उपयोगाचा आहे.

गाडी पळून गेली तर

‘नंबरच मिळाला नाही’ म्हणून गप्प बसायची गरज नाही. २०२२ मध्ये देशात ६७,३८७ हिट अँड रन अपघात नोंदले गेले. १ एप्रिल २०२२ पासून अशा प्रकरणांत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. आधी हे आकडे २५,००० आणि १२,५०० होते. अर्ज तालुका किंवा उपविभागाच्या पातळीवर दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. दावे इतके कमी येत होते की जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना बजावलं: महिनाभरात गाडी सापडली नाही तर जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्या. पुढे गाडी सापडली तर नेहमीचा दावा करता येतो, आधी मिळालेली रक्कम त्यातून वळती होते.

मुदत, वकील आणि तडजोड

दावा अपघात जिथे झाला तिथेच करावा लागतो, हा गैरसमज आहे. पुण्यात धडक बसलेला कोल्हापूरचा माणूस कोल्हापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे एमएसीटीत, अर्ज करू शकतो.

मुदत मात्र कडक आहे. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी सहा महिने. पाय तीन ऑपरेशनांनंतरही जुळलेला नसतो आणि सहा महिने संपतात. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात कोर्टाने तोवर केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असं सांगितलं. अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसणं धोक्याचं. उपचार चालू असतानाच अर्ज दाखल करावा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र नंतर जोडता येतं.

रुग्णालयाच्या दारात कार्ड वाटणारे आणि ‘मिळेल त्यातले तीस टक्के’ म्हणणारे लोक भेटतात. निकालाच्या रकमेतली टक्केवारी फी म्हणून ठरवायला वकिलांना मनाई आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपघात भरपाईच्याच एका प्रकरणात अशी फी बेकायदा ठरवली. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

लोकअदालतीत तडजोड होते, पैसे लवकर हाती येतात. फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, हे सही करण्याआधी कळलेलं असावं. कंपनीचा प्रस्ताव वर दिलेल्या गुणकाच्या हिशोबाशेजारी ठेवून पाहिला तर तो किती कमी-जास्त आहे ते पाच मिनिटांत समजतं. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं.

आणि निकाल लागल्यावरही पैसे आपोआप घरी येत नाहीत. दाव्याची रक्कम न्यायाधिकरणात जमा झाली, पण दावेदारापर्यंत पोचलीच नाही, अशी प्रकरणं इतकी साठली की सुप्रीम कोर्टाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याबाबत निर्देश दिले. वर्षानुवर्षं दावा चालतो, दरम्यान भाड्याचं घर बदलतं, मोबाइल नंबर बदलतो, वकीलही बदलतो. त्यामुळे अर्जासोबत खात्याचा तपशील द्यावा, पत्ता किंवा नंबर बदलला की न्यायाधिकरणाला लेखी कळवावं, आणि जुना निकाल लागलेला असेल तर दाव्याचा क्रमांक घेऊन रक्कम जमा झाली आहे का, याची तिथल्या कार्यालयात चौकशी करावी.